शहर सोडून छोट्या ग्रामीण गावात राहायला जाण्याचे फायदे-तोटे काय? नाही जमलं तर परत येता येतं का?

तुम्ही लिहिलंय की काम घरून करता येतं, सोबत वयस्कर वडील आणि शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि शहराचा उबग आलाय. मी नऊ वर्षांपूर्वी जवळपास याच अवस्थेत सामान बांधलं होतं. त्याआधीचं सगळं आयुष्य मोठ्या शहरात गेलेलं, त्यामुळे दोन्हीकडचे टक्केटोणपे खाऊन झालेत.

शुद्ध हवा आणि शांतता यांचं गुणगान तुम्ही भरपूर ऐकलं असेल. त्यातली शांतता आधी डोक्यातून काढून टाका. पहाटे ट्रॅक्टर सुरू होतो, रात्री कुत्री एकमेकांना उत्तरं देत बसतात. हवेचंही तसंच. पीक निघाल्यावर शेतातला कचरा पेटवला की चार दिवस डोळे चुरचुरतात. शहरापेक्षा बरं आहे, एवढंच म्हणेन.

मला विचाराल तर छोट्या गावाचा सगळा हिशेब 'एकच' या शब्दात येतो. बरा डॉक्टर एकच. गणित नीट शिकवणारा शिक्षक एकच. मोटर वाइंडिंग करणारा एकच. वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये याचं गणित मांडलं होतं. प्रत्येक सेवेला तग धरायला आवाक्यातली ठरावीक गिऱ्हाइकं लागतात. रोज लागणाऱ्या वस्तूंना थोडी माणसं पुरतात, मेंदूच्या डॉक्टरला लाखांत लागतात. म्हणून 'गाव हळूहळू सुधारेल, तेव्हा सगळं येईल' या भरवशावर जाऊ नका. वस्ती वाढल्याशिवाय दुसरा डॉक्टर येत नाही, आणि वस्ती वाढली तर तुम्ही ज्यासाठी गेलात ते गाव राहत नाही.

'एकच' म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो. आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची मोटर बंद पडली. बटण दाबलं की नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. गावातला तो एकमेव मोटरवाला त्याच आठवड्यात शिडीवरून पडला होता आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शहरात असतो तर मी फोनवर दुसरा नंबर शोधला असता. इथे त्याच्या घरी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुणगुणते ना? मग वाइंडिंग शाबूत आहे, कपॅसिटर गेलाय. चला, मी बसतो, तुम्ही खोला." तो उलट्या बादलीवर बसला, मी मेन स्विच पाडून स्क्रू काढत होतो. वायरींचे रंग कागदावर लिहून घे, कपॅसिटर बाहेर काढायच्या आधी त्याची दोन टोकं जोडून चार्ज उतरव, नाहीतर बंद मोटरही झटका देते, असं एकेक सांगत होता. अर्ध्या तासात माझा 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला कळलंच नाही. पाणी आलं. पुढच्या महिनाभरात आणखी तीन घरांतून निरोप आले, कारण प्लास्टर निघायचं होतं आणि आता कपॅसिटर बदलता येणारा गावात मीच होतो.

मी हयातभर कीबोर्ड बडवलेला माणूस. मोठ्या शहरात मला कोणी मोटरला हात लावू दिला नसता, आणि त्याची गरजही नसती. रॉजर बार्कर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट अभ्यासली. 1947 मध्ये त्याने कॅन्सस राज्यातल्या ओस्कालूसा या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात संशोधन केंद्र थाटलं आणि पंचवीस वर्षं तिथलं रोजचं जगणं टिपलं. त्याचा निष्कर्ष साधा होता: कामं तेवढीच आणि माणसं कमी असली की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त भूमिका येतात, आणि कच्चा, नवखा, म्हातारा, लहान, कोणालाच 'तू बाजूला बस' म्हणणं गावाला परवडत नाही. 1964 मध्ये त्याने आणि पॉल गंप याने लहान-मोठ्या शाळांची तुलना केली, तिथेही हेच दिसलं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त, पण बहुतेक मुलं प्रेक्षक. लहान शाळेत उपक्रम थोडे, पण ते पार पाडायला जवळजवळ प्रत्येक मूल लागतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा फायदा मी सगळ्यात वर ठेवेन. मात्र एखादा चांगला शिक्षक बदलून गेला की तो विषयच गेला असं समजा. आणि दहावीनंतर विषय निवडायची वेळ आली की बहुतेक घरांना पुन्हा शहराकडे बघावं लागतं, हे आजच मनात धरून ठेवा.

आता वडिलांचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला अवघड वाटतो.

समोरच्या घरातले काका मला सुरुवातीला नकोसे व्हायचे. रात्री उशिरापर्यंत माझं काम चालायचं आणि सकाळी त्यांचा प्रश्न ठरलेला: "काल दोनपर्यंत दिवा होता, बरं आहे ना सगळं?" कोण आलं, कोण गेलं, गाडी का बाहेर होती, सगळ्यावर त्यांची नजर. मी एकदा पडदे बदलून जाड लावले. त्यांनी पडदे का बदलले ते विचारलं.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. पाणी प्यायला उठले होते, उजव्या हातातून भांडं निसटलं आणि बोलणं जड झालं. मी फोन शोधत होतो तोवर दारावर थाप पडली. काकांनी भलत्या वेळी स्वयंपाकघरात दिवा पाहिला होता. जीप सुरूच ठेवून आले होते. वडिलांना मागच्या सीटवर त्यांनीच उचलून ठेवलं. शहरातल्या माझ्या मजल्यावर असतो तर त्या वेळी मी कोणाचं दार वाजवलं असतं, मला अजून सुचत नाही.

पण पुढचंही ऐका. वाटेत जे पहिलं रुग्णालय लागलं तिथे आम्ही थांबलो. त्यांनी सलाइन लावलं, कागद भरून घेतले, आणि तासाभराने सांगितलं की सीटी स्कॅनची सोय आमच्याकडे नाही. पक्षाघात रक्ताच्या गुठळीने झालाय की रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी. आम्ही स्कॅनपर्यंत पोहोचलो तेव्हा साडेतीन तास झाले होते. इंजेक्शन मिळालं, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र अजून पूर्ण वळत नाही. तो एक तास वाचला असता तर हात वळला असता का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही.

म्हणून घर बघायच्या आधी एक काम करा. रात्रीही सीटी स्कॅन चालू असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं ते प्रत्यक्ष चौकशी करून शोधा आणि रात्रीच्या वेळी एकदा तिथपर्यंत गाडी चालवून बघा. नकाशातली मिनिटं धरू नका. दीड तासाच्या वर जात असेल तर वडिलांना घेऊन जाण्याआधी मी दहादा विचार करेन, मग गाव कितीही मनात भरो.

'एकच'चा आणखी एक त्रास म्हणजे भांडण परवडत नाही. शहरात डॉक्टरशी वाजलं तर डॉक्टर बदलतो. इथे ज्याच्याशी बांधावरून किंवा गटारावरून वाजलं तोच शाळेच्या समितीत असतो आणि त्याचाच भाऊ पाणी सोडतो. त्यामुळे लोक बोलायला गोड असतात आणि मनात बरंच साठवून ठेवतात. याला मी सुरुवातीला साधेपणा समजलो होतो! गेऑर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने 1903 मध्येच लिहून ठेवलंय की मोठ्या शहरातला कोरडेपणा हीच तिथल्या माणसाच्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू असते. एकटी राहणारी बाई, चारचौघांसारखं न जगणारा माणूस, यांना ते स्वातंत्र्य श्वासासारखं लागतं. अशा कोणाला मी 'या, गाव छान आहे' असं डोळे झाकून सांगणार नाही. मी कुटुंबवाला पुरुष, मला गावाने लवकर आत घेतलं, हेही कबूल करायला हवं.

कामाचं म्हणाल तर इंटरनेट हा आता पूर्वीइतका मोठा अडथळा नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी आणि इन्व्हर्टर ठेवा, आणि सगळं पावसाळ्यात तपासा, उन्हाळ्यात नाही. खरा तोटा वेगळा आहे आणि तो दोन-तीन वर्षांनी लक्षात येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांमध्ये जेमतेम सहातल्या एकाला ती सतत भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. छोट्या गावात असे अर्धवट ओळखीचे लोक जवळपास नसतातच. जो ओळखीचा आहे तो पुरता ओळखीचा, आणि त्याला जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असतं. माझी दोन मोठी कामं याच कारणाने हातची गेली. आता दर दोन महिन्यांनी मी चार दिवस शहरात जातो, कामाशिवाय, नुसता लोकांना भेटायला. हा वेळ आणि खर्च तुमच्या हिशेबात धरा. भाडं कमी असतं हे खरं, पण वाहनाशिवाय एक दिवस निघत नाही.

आकाशाबद्दल फारसं लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. दिव्यांच्या झगमगाटामुळे जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, असं 2016 च्या जागतिक नकाशात आढळलं होतं. आमच्या गच्चीवरून अमावास्येला ती दिसते. नऊ वर्षांत मी मुद्दाम वर जाऊन किती वेळा पाहिली असेल? दहा-बारा.

राहिला परतण्याचा प्रश्न. येता येतं, पण शहरातलं घर विकून टाकलंत तर अवघड होतं, कारण गावातलं घर विकायला गिऱ्हाईकही बहुधा एकच असतं आणि त्याला तुमची घाई दिसते. मी शहरातलं घर पहिली तीन वर्षं भाड्याने देऊन ठेवलं आणि गावातही भाड्यानेच राहिलो. तुम्हीही आधी एक अख्खा पावसाळा भाड्याने काढा. त्यात लाइट जाईल, रस्ता बंद होईल, मुलगी कंटाळेल, समोरचे कोणीतरी दिव्याची चौकशी करतील. वडिलांना सोबत न्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा, आणि ठरवताना त्यांना विचारा. माझ्या वडिलांना झटक्यानंतर मी शहरात परत चला म्हणालो होतो. ते डाव्या हाताने काठी घेऊन समोर काकांच्या ओट्यावर जाऊन बसले.