बॉक्स वाढवण्याआधी मॅक्के समजून घे

तुझं डिझाइन बघितलं. फुगवटा (अडल्याने वरच्या अंगाला चढणारी पाण्याची पातळी) जास्त येतोय म्हणून तू रस्त्याखालच्या मोरीला सरळ दोन बॉक्स, म्हणजे पाणी जायचे चौकोनी गाळे, वाढवलेस, चालेल तेही, पण त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे इंजिनिअर गॉर्डन मॅक्के यांचं काम नीट बघ असं मनापासून वाटतं.

तिथली किनारपट्टी एकदम सपाट आणि पाऊस कोसळतो तो धो धो, त्यामुळे मोरीने थोडं जरी पाणी तुंबवलं तरी वरच्या अंगाला लांबपर्यंत पसरतं. मॅक्केंचा प्रश्न साधा होता, एनर्जी वाया कुठे जाते? तोंडाशी पाणी एकदम आवळलं जातं, बाहेर पडताना एकदम पसरतं, भोवरे होतात, तिथेच! म्हणून त्यांनी तोंड पंख्यासारखं रुंद ठेवून हळूहळू निमुळतं केलं, सोबत तळ खाली नेला, आणि पलीकडे तसाच सावकाश वर आणला, प्रवाह सगळीकडे क्रिटिकलच्या आसपास राहील असा, म्हणजे आहे त्या एनर्जीत जास्तीत जास्त पाणी जाईल अशा खोलीला.

स्वतः आकडे मांडून बघ. चौकोनी गळ्यात, म्हणजे मोरीच्या सगळ्यात अरुंद भागात, स्पेसिफिक एनर्जी (तळापासून मोजलेली, पाण्याची खोली आणि वेग मिळून) १.५ मीटर असेल तर क्रिटिकल खोली १ मीटर, आणि दर मीटर रुंदीतून सेकंदाला ३.१३ घनमीटर पाणी जातं. तळ फक्त अर्धा मीटर खाली ने, एनर्जी २ मीटर झाली की तेच ४.८२ होतं. म्हणजे सेकंदाला ३० घनमीटरला साडेनऊऐवजी सव्वासहा मीटर रुंदी पुरते, घर्षण सोडून. हे पहिल्यांदा कळतं ना तेव्हा खरंच भारी वाटतं.

त्यांचं असं पहिलं काम क्वीन्सलँडमधल्याच रेडक्लिफचं, १९६० मध्ये पूर्ण झालं. आधी बंधारा, मग १३७ मीटर लांब मोरी थेट समुद्रात, खारं पाणी ओढ्यात शिरू द्यायचं नाही आणि पुराची पातळीही चढू द्यायची नाही, दोन्ही एकाच वेळी. नंतर तिथलाच १९७३ चा चिंचिला बंधारा, १४ मीटर उंच, मातीचा भराव आणि वरून काँक्रीट. माथा वक्र, उतरण निमुळती, त्यामुळे पाणी मधोमध गोळा होतं आणि त्याचा जोर काठांवर न जाता पात्राच्या मध्यात पायथ्याशी जिरतो.

पण डोळे झाकून कॉपी करू नकोस. तळ खाली असल्याने पूर ओसरला की गळ्यात पाणी आणि गाळ साचतो, त्याचा निचरा वेगळा द्यावा लागतो. आणि वेग सगळ्या रुंदीत जास्त असतो, छोट्या माशांना वर चढताना दम खायला जागाच राहत नाही, याकडे अजिबात दुर्लक्ष नको. शिवाय हा आकार एका ठराविक डिस्चार्जसाठी, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या पाण्यासाठी, बसवलेला असतो, तेव्हा त्याहून कमी आणि जास्त पाण्यालाही मॉडेल चालवून बघ, टेलवॉटर (मोरीच्या खालच्या अंगाची पाण्याची पातळी) तपास, मग बॉक्स किती ते ठरवू.