आल्याच्या वाफ्यावरचं शेवाळ: मोरचूद आणि चुना दोन्ही थांबवा

तुमचा प्रश्न असा: सातारा भागातली काळी जमीन, गादीवाफ्यावर आल्याचं पीक, ड्रिप. श्रावणापासून वाफ्यांच्या कडांवर आणि सरीत हिरवा थर धरलाय. दुकानदार मोरचूद (कॉपर सल्फेट) सोडा म्हणतो, इंटरनेटवर चुना टाका म्हणून लिहिलंय. दोन्ही तूर्त बाजूला ठेवा.

आधी थर नेमका कशाचा आहे ते बघा, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना शेवाळच म्हणतो. बोटाला बुळबुळीत लागतो, उन्हात वाळल्यावर काळपट पापुद्रा होऊन पापडासारखा कडांनी वर वळतो, तो निळं-हिरवं शेवाळ. मखमलीसारखा मऊ, चिमटीत धरून ओढला तर मातीसकट उचकटतो आणि भिंगातून बारीक पानं दिसतात, तो मॉस. मॉसला खरी मुळं नसतात, मातीला धरून राहायला नुसते केसासारखे तंतू. पाणी तो अंगानेच शोषतो, त्यामुळे तुमच्या आल्याचं खत खोलातून चोरत नाही. पण पृष्ठभाग आठवडेच्या आठवडे ओला राहिल्याशिवाय दोघंही टिकत नाहीत. कंदकुजीच्या बुरशीलाही हाच ओलावा हवा असतो, म्हणून शेवाळापेक्षा त्या ओलाव्याची काळजी जास्त करा.

ओलावा का टिकतो हे शोधायला तीन तपासण्या पुरतात. दोन्ही तोंडं उघडी असलेला, 15 सेंमी व्यासाचा पत्र्याचा डबा 5 सेंमी मातीत दाबा आणि 450 मिली पाणी ओता. म्हणजे साधारण 25 मिमी पाऊस झाला. ते जिरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि दुसऱ्या वेळेचीच वेळ मोजा. पहिलं पाणी भेगांतून पळतं, ते फसवतं. हेच त्याच दिवशी शेवाळ नसलेल्या जागीही करा. काळी माती फुगल्यावर पाणी सावकाशच घेते, त्यामुळे आकड्यापेक्षा दोन जागांतला फरक महत्त्वाचा. मग 45 सेंमी खड्डा खणून कडेला खुरप्याचं टोक टोचत खाली जा. 15-20 सेंमीवर टोक अडकत असेल आणि मुळं तिथून आडवी वळली असतील तर तळ कठीण झालाय. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर त्याच खोलीला फिरला की असं होतं. वर पिठासारखी माती, पहिल्या दमदार पावसात तिचा लेप बसतो, आणि खाली फरशी. मधलं पाणी जाणार कुठे?

तिसरी तपासणी चोपणाची, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या जमिनीची. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्यात (अ‍ॅसिड नव्हे) अलगद सोडा. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी निकाल बिघडतो. ढेकूळ नुसतं ढासळून बसलं तर ठीक. दोन-चार तासांत भोवती दुधाळ ढग पसरला तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. मग प्रयोगशाळेतून विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण काढून घ्या. ते 15 टक्क्यांच्या वर असेल तर अहवालाप्रमाणे जिप्सम, तेही निचरा केल्यावरच. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे वाया.

आता उभ्या पिकात काय करायचं. सरीचं शेपटाकडचं तोंड बघा. बहुतेक ठिकाणी बांधाने ते बुजलेलं असतं आणि सरी म्हणजे लांब डबकं होतं. तिथे सरीच्या तळापेक्षा किमान 15 सेंमी खोल आडवा चर काढून पाणी ओढ्याला किंवा मोठ्या चराला जोडा. शेजाऱ्याच्या रानात सोडू नका, भांडण शेवाळापेक्षा चिवट असतं. मग उघडीप आणि वापसा (माती हाताला न चिकटण्याइतकी सुकलेली) बघून खुरप्याने वरचा 2-3 सेंमी थर मोडा. कंद उथळ असतात, त्याखाली जाऊ नका. मोडलेलं दोन दिवस ऊन खाल्लं पाहिजे. रिमझिमीत मोडलंत तर प्रत्येक तुकडा पुन्हा धरतो. उटाळणी (पिकाजवळची माती हलवून सैल करणं) बाकी असेल तर याच वेळी जोडून घ्या, मजुरी वाचते.

ड्रिपचं एक दुखणं सगळीकडे दिसतं. पाऊस चालू असतानाही विद्राव्य खत सोडायचं म्हणून रोज तासभर ड्रिप चालते. पावसाळ्यात खत द्यायचंच तर 15-20 मिनिटांत उरका, एरवी झडप बंद. डीएपी वाफ्यावर फेकून देत असाल तर तेही थांबवा. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) जागचा फारसा हलत नाही, वरच्या थरात साचतो आणि शेवाळाला आयतं जेवण मिळतं. तो लागणीआधी मातीत मिसळायचा.

मोरचुदाने थर दोन दिवसांत काळा पडतो आणि माणूस खूश होतो. ओलावा तसाच असल्याने थर परत येतो, तांबं मात्र वरच्या मातीत साठत जातं. गांडुळांना ते बाधतं, आणि तुम्ही ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सोडली असेल तर तिलाही मार बसू शकतो. ग्लायफोसेट हे तणनाशक मॉसवर फारसं चालत नाही. उलट तण मरून जमीन उघडी पडली की मॉसला मोकळं रान मिळतं.

चुन्याचा सल्ला थंड देशातल्या आम्लधर्मी हिरवळींसाठीचा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा 7.5 च्या वर असतो, चुनखडी आधीच भरपूर. त्यात आणखी चुना म्हणजे लोह आणि जस्त अडकून पानं पिवळी. महाबळेश्वर, जावळीकडची तांबडी माती किंवा कोकणातली जांभी जमीन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सामू तपासून चुना जरूर द्या.

तळ कठीण निघाला असेल तर काम एप्रिल-मेमधलं. आलं काढल्यावर, जमीन तडकेपर्यंत वाळल्यावर, सबसॉयलर (खोल तळ फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) 45-60 सेंमी खोल, सव्वा मीटर अंतराने. ओल्या काळ्या रानात तो नुसती चीर पाडतो आणि तिच्या भिंती चोपडून बंद करतो. पाठोपाठ पावसाला ताग, एकरी 20-25 किलो, फुलावर येताना गाडायचा.

प्रयोगशाळेला नमुना देताना शेवाळाच्या जागेचा आणि चांगल्या जागेचा वेगवेगळा द्या, एकत्र मिसळू नका. वरचा हिरवा पापुद्रा खरवडून टाका, 0-20 सेंमीची माती घ्या, आणि खत दिल्यानंतर लगेच नको.