साठीनंतर नटूनथटून भेटणाऱ्या मैत्रिणींचा गट नागपुरात चालेल का?

अमेरिकेत लाल टोप्या घालून जमणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या मंडळासारखे काही नागपुरात चालू शकेल का, आणि वडील गेल्यापासून दोन वर्षे घराबाहेर फारशा न पडलेल्या आपल्या ६३ वर्षांच्या आईंना त्यात कसे आणावे, असे आपण विचारले आहे. मी धरमपेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. आम्हा समवयस्क मैत्रिणींचा असाच एक लहानसा गट काही वर्षांपासून चालू आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी मूळ मंडळाविषयी. इंग्रज कवयित्री जेनी जोसेफ यांनी १९६१ मध्ये, स्वतः तिशीच्या आत असताना, एक कविता लिहिली. म्हातारपणी आपण जांभळे कपडे आणि त्यांवर न शोभणारी लाल टोपी घालणार आहोत, असे त्या कवितेतील स्त्री आधीच बजावून ठेवते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील सू एलन कूपर यांनी ती कविता आणि एक लाल टोपी आपल्या मैत्रिणीला पंचावन्नाव्या वाढदिवशी भेट दिली, पुढे इतर मैत्रिणींनाही दिली, आणि एप्रिल १९९८ मध्ये त्या सगळ्याजणी जांभळ्या पोशाखात, लाल टोप्या घालून चहाला गेल्या. त्यातून रेड हॅट सोसायटी उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेलीने लाल टोपी व जांभळा पोशाख घालायचा, त्याहून लहान असलेलीने गुलाबी टोपी व फिकट जांभळा पोशाख, आणि शाखेच्या प्रमुखबाईंना ‘राणी’ म्हणायचे, अशी तेथील रीत आहे. समाजकार्याचे किंवा निधी गोळा करण्याचे बंधन नाही. मौज हाच उघडपणे सांगितलेला हेतू आहे.

आपल्याकडे हा हेतूच सर्वांत अवघड जातो. एकत्र येण्याची सवय आपल्या बायकांना नाही असे मुळीच नाही. भिशी आहे, भजनी मंडळ आहे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू आहे. परंतु या प्रत्येक ठिकाणी जाण्याला देव, पैसा किंवा सण असे काहीतरी सांगण्याजोगे कारण असते, आणि ‘मैत्रिणींबरोबर हसायला चालले आहे’ असे सुनेला किंवा मुलाला सांगताना सत्तरीची बाईसुद्धा चाचरते. शिवाय ज्या समारंभात बायका सर्वांत हौसेने नटतात, त्याचेच आमंत्रण नवरा गेलेल्या बाईला येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांपुढे तो आदर्श म्हणून ठेवला, हे खरे आहे. पण शहरातल्या आमच्या गल्लीत अजूनही वाण वाटताना काही दारे वगळली जातात. म्हणून एक गोष्ट आपण तपासून पाहावी, असे मला वाटते. आई दुःखामुळे बाहेर पडत नाहीत, की त्यांना बोलावणेच येईनासे झाले आहे?

आमच्या गटात लाल टोपीच्या जागी काय असावे यावर बरीच चर्चा झाली. पहिली सूचना गजऱ्याची होती, परंतु गजरा, हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू या सगळ्याला सौभाग्याचा अर्थ चिकटलेला असल्यामुळे आमच्यातील काहीजणी नुसत्या विचारानेही गप्प झाल्या. शेवटी गॉगल ठरला. नागपूरच्या उन्हात गॉगल कोणालाही खटकत नाही आणि त्याला कोणतेही व्रतवैकल्य जोडलेले नाही. साडीचा रंग दर महिन्याला आळीपाळीने एकेकीने सांगायचा, मात्र त्यासाठी नवी साडी घ्यायची नाही, असा दंडक आहे. तो नसता तर हा गट फक्त पैसेवाल्यांचा झाला असता. या रंगाच्या नियमाचा मोठा फायदा असा की ‘या वयात शोभते का’ या प्रश्नाला ‘आज सगळ्यांनी हाच रंग नेसायचा आहे’ असे सोपे उत्तर मिळते.

पैशाच्या बाबतीत मी थोडी कठोर आहे. भिशी यात मिसळू नये; हप्ता थकला की मैत्री आणि हिशेब दोन्ही बिघडतात. ज्याचे त्याने बिल द्यावे. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जायचे तर मेट्रो उत्तम, कारण स्थानकांवर लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्याही येतात. रामटेकला आम्ही एसटीने जातो. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तर प्रवास मोफत आहे. आठ-दहाजणींपेक्षा गट वाढवू नये, नाहीतर अध्यक्ष, सचिव आणि सत्कार सुरू होतात.

लोक हसतील का? हसतात. फुटाळा तलावावर एका रंगाच्या साड्या आणि काळे गॉगल पाहून मुले फोटो काढतात, आणि आमच्यातील एकजण त्यांना तऱ्हेतऱ्हेच्या अदा करून दाखवते.

आईंना मात्र आपण स्वतः ‘जा’ म्हणू नये. लेकीने किंवा मुलाने लावलेला आग्रह म्हणजे आपण घरात जड झालो, असा अर्थ या वयात पटकन काढला जातो. त्यांच्या शाळेतील, जुन्या वाड्यातील किंवा नोकरीतील एखादी मैत्रीण शोधून तिच्याकरवी बोलावणे पाठवावे, आणि पहिली भेट हॉटेलात न ठेवता कोणाच्या तरी घरी, तर्री-पोहे आणि चहावर ठेवावी. त्या पहिल्या दिवशी आई फिकट साडीतच आल्या तर कोणी टोकू नये. आमच्याकडे रंगाचा नियम पहिल्या काही भेटींत नव्या बाईला लागूच नसतो. सुरुवात दिवाळीनंतर करावी, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना आम्हीसुद्धा फुटाळा वगैरे विसरून, ज्या मैत्रिणीकडचा कूलर सर्वांत चांगला असेल तिच्याकडेच भेटतो.