पहिली तबली कोरण्यापूर्वी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली आर्चटॉप, म्हणजे कोरलेल्या कमानदार तबलीची गिटार करायला घेतलीस. स्प्रूसचं लाकूड आलं, मेपलचं आलं, बोटाएवढे पितळी रंधेही आले, आणि आता तुझा प्रश्न एकच: तबली, म्हणजे तारांखालची वरची फळी, नेमकी किती मिलिमीटरची ठेवू? उत्तर देतो, पण पत्राच्या शेवटाकडे. आकडा आधी दिला तर पुढचं तू वाचणार नाहीस. तुझ्या वयात मीही वाचलं नसतं.

सोबत पाठवलेलं तुझं स्वतःचं डिझाइन देखणं आहे. ते तिसऱ्या गिटारसाठी ठेवून दे. आर्चटॉपचा नामवंत कारागीर जॉन डी'अँजेलिकोने १९३२ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा व्हायोलिनच्या कामात त्याचा हात मुरलेला होता. तरी त्याच्या सुरुवातीच्या गिटार गिब्सन कंपनीच्या एल-५ या आर्चटॉपवर बेतलेल्या होत्या. १९२२ च्या त्या एल-५ नेही एफ-होल, म्हणजे तबलीतली एफ अक्षराच्या आकाराची भोकं, व्हायोलिनकडून उसनी घेतली. तेव्हा उसनवारीची लाज नको. जाणत्याने काढलेला एक पूर्ण आराखडा घे आणि त्याच्याशी इमान राख, म्हणजे बिघडलं तर तुझ्या हातामुळे बिघडलं एवढं तरी नक्की कळेल.

आता हे वाद्य उभं कशावर असतं ते बघ. साध्या सपाट गिटारमध्ये ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, तबलीला चिकटवलेला असतो आणि तारा तबलीला पिळत असतात. आर्चटॉपमध्ये घोडी नुसती टेकवलेली असते. तारा तिच्यावरून जाऊन मागे टेलपीसला, म्हणजे गिटारच्या शेवटाला बसवलेल्या पट्टीला, अडकतात. सहा तारांचा मिळून ताण धर ७० किलोच्या आसपास. घोडीवर त्या एकूण १४ अंशांत वळत असतील, तर त्या ताणाचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १७ किलो, सतत खाली दाबतो. तो भार कमानीने पेलायचा आणि पेलता पेलता हलायचंही. त्यामुळे तबली पातळ केली की आवाज मोठा होतो, हे ऐकीव गणित इथे सरळ लागू पडत नाही.

हा दाब ठरतो घोडीच्या उंचीवर आणि घोडीची उंची ठरते नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, कोनावर. माझी पहिली गिटार इथेच फसली. दिसायला सुरेख, सांध्यात सुई शिरणार नाही अशी, आणि आवाज मात्र उशी तोंडावर धरून बोलावं तसा. कोन जेमतेम एका अंशाने कमी पडला होता. एका अंशाने काय होतं, तूच हिशेब कर: ६३५ मिलिमीटरच्या स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीवर, जिथे नेक खोक्याला मिळते त्या चौदाव्या पडद्यापासून घोडीपर्यंत २८३ मिलिमीटर उरतात. तेवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर. जिथे २५ मिलिमीटर उंचीची घोडी हवी होती, तिथे माझी वीसची बसली आणि तारांचा दाब गेला. म्हणून डव्हटेलला, म्हणजे नेक आणि खोक्याच्या खाचेच्या सांध्याला, सरस लावण्याआधी सांधा कोराच बसव, फिंगरबोर्ड नुसता वर ठेव, पडद्यांच्या उंचीएवढी चकती त्याखाली सरकव आणि लांब सरळ पट्टी घोडीच्या जागेपर्यंत नेऊन उंची मोज. एकदा नाही, सांध्याचा प्रत्येक छिलका काढल्यावर मोज. या एका कामाला मला अजूनही अख्खा दिवस लागतो.

खोक्याच्या बाजू वाकवण्याबद्दल फार लिहीत नाही. मेपल सव्वादोन मिलिमीटरपर्यंत आणायचं, तापलेला पाइप, ओलं फडकं, आणि लहरी तंतूंचं मेपल असेल तर बाहेरून पत्र्याची पट्टी धरायची, नाहीतर ते फुटतं. एक बाजू फुकट जाईल असं धरूनच चाल.

तबलीचा मधला सांधा मात्र घाईने करू नकोस. दोन्ही फळ्यांच्या कडा रंधून उजेडासमोर जोडून धर. फटीतून उजेड दिसला की परत रंधा. त्या सांध्यावरच तुला पुढे पटाशी चालवायची आहे आणि एफ-होलच्या मधला सगळा भार तोच घेणार आहे. सरस वापरणार असशील तर तो ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेव. फार उकळला की त्याचा जोर जातो.

कोरताना आधी बाहेरची कमान पुरी कर. आतून हात लावण्याआधी बाहेरचा आकार शंभर टक्के ठरलेला हवा, कारण जाडी मोजायची ती त्याच पृष्ठापासून. दिवा एका बाजूला, टेबलाच्या पातळीवर ठेव आणि खोलीतले बाकीचे बंद कर. सपाट राहिलेले ठिपके आणि नकळत पडलेले खड्डे तिरप्या उजेडात लपत नाहीत. मग आतल्या बाजूने ड्रिलला स्टॉपर लावून जाडी दाखवणारी भोकं पाड, पण हव्या त्या जाडीच्या एक मिलिमीटर आधीच थांब. दुसऱ्या तबलीच्या वेळी मी स्टॉपरचा स्क्रू नीट आवळला नव्हता. तो तिसाव्या भोकानंतर सरकला आणि मला कळलं चाळिसाव्याला. ती तबली अजून भिंतीवर आहे. पाहुण्यांना वाटतं काहीतरी कलाकृती आहे.

ब्रेस, म्हणजे तबलीला आतून चिकटवायच्या आधारपट्ट्या, कुठल्या, हेही विचारलंस. एक्स आकाराच्या ब्रेसने आवाज जरा गोल आणि लांब राहतो, दोन समांतर ब्रेसने चटकन आणि ठसक्यात येतो. पहिल्या गिटारला समांतर घे. दोन्ही स्वतंत्र बसतात, एकमेकींत खाच मारावी लागत नाही. बसवायची रीत जुनी आहे: तबलीला आतून खडू चोळायचा, ब्रेस दाबून उचलायची, जिथे खडू लागला तिथेच खरवडायचं. पूर्ण लांबीवर खडू लागला की बसली. दाबून, क्लॅम्पच्या जोरावर बसवलेली ब्रेस कमानीला कायमची ओढत राहते.

आता तुझा आकडा. मध्यभागी साडेसहा मिलिमीटर ठेव आणि कडेजवळच्या पन्हळीत, म्हणजे रिकर्व्हमध्ये, साडेचार. दुसरीकडे पन्हळ साडेतीनची किंवा त्याहून पातळ वाचली असशील. ती त्यांच्या फळीची असेल. दोन फळ्या एकाच जाडीच्या असल्या तरी सारख्या ताठ नसतात. आणि पातळ करण्यातली मेख ही की ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: चार मिलिमीटरचे साडेतीन केलेस की वाटतं अर्धाच मिलिमीटर गेला, पण तिथला एक तृतीयांश ताठपणा गेलेला असतो. टिचकी मारून स्वर जुळवण्याच्या गोष्टी खूप ऐकशील. मी टिचकी मारतो, पण स्वर ओळखायला नाही. आवाज घुमतो की जागच्या जागी मरतो, एवढंच ऐकतो.

साडेचार जरा जाड आहे, हे मला ठाऊक आहे. जाड अशासाठी की पॉलिशच्या आधी, कोऱ्या लाकडावरच, गिटारला तारा चढवायच्या आहेत. घोडीचे पाय तबलीवर पॉलिश पेपर ठेवून कमानीला घासून घे, तारा पूर्ण सुरात लाव आणि दोन आठवडे वाजव. मग तारा सैल करून बाहेरून, फक्त पन्हळीत, स्क्रेपरने चौफेर हलकेच खरवड. परत सुरात लाव, ऐक. मंद्र सुटायला लागतो तो क्षण तुझ्या कानाला कळेल. तिथून पुढे आणखी थोडं खरवडावंसं वाटेल, तेव्हा स्क्रेपर खाली ठेवून चहा करायला जा. मध्यभागाला हात लावू नकोस, १७ किलो तिथेच उभे आहेत.

गिटार झाली की फोटो नको पाठवूस. तबलीवर दर चार सेंटिमीटरला जाडी मोजून कागदावर लिही, खरवडण्याआधीची काळ्या शाईत आणि नंतरची लाल शाईत, आणि तो कागद पाठव. माझ्याकडे अशा कागदांची एक जाड फाइल आहे, पुढच्या पत्राच्या वेळी त्यातले दोन-तीन तुला काढून देईन.

तुझा,
फाइलवाला काका

ता. क. मेपल घासताना मास्क लाव. पहिल्या गिटारभर मी लावला नाही आणि महिनाभर खोकत होतो.