वाचकांचे प्रश्न : जनावरांच्या पैदाशीतलं करिअर

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दवाखाना नको, जाती सुधारण्याचं संशोधन करायचंय म्हणते. किती वर्षं लागतील आणि काम नेमकं काय असतं? (एक पालक, ता. माण)

उत्तर : नीट देऊन बीव्हीएससी (पशुवैद्यकाची पदवी), इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग पशुअनुवंश व पैदास विषयात २ वर्षं एमव्हीएससी (पदव्युत्तर पदवी) आणि किमान ३ वर्षं पीएचडी. महाराष्ट्रात हे सगळं नागपूरच्या माफसूच्या (पशुविज्ञान विद्यापीठाच्या) अखत्यारीत येतं. कर्नाल, इज्जतनगर, अविकानगरच्या केंद्रीय संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर एएसआरबी या कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची एआरएस परीक्षा. दवाखाना नको असला तरी पदवीत शस्त्रक्रिया, औषधं सुटत नाहीत, हे तिला आत्ताच सांगा.

काम म्हणाल तर वही, काटा आणि गणित. कोकरू जन्मलं की २४ तासांत कानाला बिल्ला, वजन, आई-बापाचे नंबर आणि एकटं की जुळं ही नोंद. शेवटची नोंदच बहुतेक वेळा राहते, आणि तिथेच घात होतो. समजा, एकटं कोकरू जन्मताना ३ किलो, १०० व्या दिवशी १७ किलो. जुळ्यातलं जन्मताना २.५, ८० व्या दिवशी १२.५. रोजची वाढ काढून दोघांचं ९० दिवसांचं वजन मांडा : १५.६ आणि १३.७५. कळपात एकट्यांची सरासरी १५, जुळ्यांची १२ असेल, तर पहिलं सरासरीच्या ०.६ वर, दुसरं १.७५ वर. निवडायचं दुसरं! नुसता काटा बघणारा दरसाल एकटीच ठेवतो आणि जुळी देणारं रक्त बाजारात विकतो. कळपात दोन मेंढे मोकळे सोडले तर बापाचा पत्ताच नाही. मग पुढचं गणित वाया.

प्रश्न : मग सगळ्याच मेंढ्यांना जुळ्यांचं जनुक का देत नाहीत?

उत्तर : फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं फेक-बी हे जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, तीच ‘नारी सुवर्णा’. जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते. मेंढीत फेक-बीची एक प्रत असली की बऱ्याचदा जुळी. दोन प्रती असल्या की तिळीही होतात, आणि माळरानावर चरणाऱ्या आईला तिघांपुरतं दूध कुठलं? एकेक प्रतीचे मेंढा-मेंढी जुळवले तर सरासरी चारांत एका पिल्लाला दोन प्रती येतात. म्हणून रक्त तपासून किती प्रती आहेत हे कळल्याशिवाय मेंढा ठरवू नका.

प्रश्न : बीएस्सी बायोटेक झालंय. या क्षेत्रात येता येईल?

उत्तर : एमव्हीएससीला नाही. प्राणी-जैवतंत्रज्ञान किंवा संख्याशास्त्रातून मात्र येता येतं. आर ही संगणकभाषा आजच शिकायला घ्या.