वाचक विचारतात : वसईतल्या ख्रिस्ती घराण्याचा माग

प्रश्न : आमचं घराणं वसईचं, आडनाव परेरा. पूर्वज पोर्तुगीज होते का? वंशावळ कशी काढावी?

उत्तर : आडनावावरून तसं ठरवू नका. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेणाऱ्या इथल्या माणसांना नवं नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं (गॉडफादरचं) लागे. त्यामुळे एकाच गावातली दोन परेरा घरं एका रक्ताची असतीलच असं नाही. आळी, घराचं टोपणनाव आणि समाज सामवेदी की वाडवळ, या खुणा जास्त भरवशाच्या.

आजोबांच्या लग्नाच्या नोंदीपासून मागे चला. तिच्यात वधूवरांच्या वडिलांची नावं मिळतात. मग धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात त्यांची स्नानसंस्काराची नोंद शोधा. नुसता दाखला घेऊन परतू नका, मूळ नोंद पाहू देण्याची विनंती करा. धर्ममातापित्यांची नावं आणि समासातला (पानाच्या कडेचा) शेरा तिथेच सापडतो. १९०८पासून, त्या व्यक्तीचं पुढे झालेलं लग्नही याच समासात टिपण्याचा नियम आहे.

जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात. घोटाळा होतो तो महिन्यांत : ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर, ‘८ब्रिस’ म्हणजे ऑक्टोबर. हे चुकलं की तारीख दोन महिने सरकते आणि पुढचं काहीच जुळत नाही. नावंही बदलतात : लॅटिन नोंदीतला योआनेस घरी जुवांव असायचा, याकोबुस म्हणजे दियोग किंवा जेम्स.

नोंद सापडलीच नाही, तर तुमचं धर्मग्राम कोणत्या जुन्या चर्चमधून वेगळं झालं ते विचारा; त्याआधीच्या वह्या मूळ चर्चकडे असतात. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर चर्चचा कारभार विस्कटला. त्यापलीकडे साखळी क्वचितच जाते. तिथे आडनावाच्या आधाराने दुवे जोडू नका. अशा जोडलेल्या वंशावळीने पुढच्या पिढ्यांची दिशाभूल होते.

प्रश्न : संत गोन्सालो गार्सिया खरोखर वसईचे का?

उत्तर : हो. जन्म वसईत, आई इथलीच. शिक्षण जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे झालं. जपानला गेले, काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी संघात बंधू (ब्रदर) झाले; धर्मगुरू नव्हे. १५९३मध्ये ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून, कारण त्यांना जपानी उत्तम येत होतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यांत ते होते. १८६२मध्ये नववे पोप पायस यांनी त्यांना संत घोषित केलं.