धुतलेल्या लंगोटालाही वास येतो तेव्हा

तुझ्या प्रश्नातलं मी जे धरलं ते असं. बाळ चार महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं. घर नागपुरात बेसा भागात, वापरायचं पाणी बोअरचं. आईनं शिवलेले सुती लंगोट आणि विकतचे पॉकेट डायपर (बाहेरून कव्हर, आत शू शोषणारी जाड घडी, म्हणजे इन्सर्ट) असं दोन्ही चालू आहे. पाऊस लागल्यापासून धुऊन वाळवलेल्या कापडावरही बाळानं शू केली की लगेच नाकात झोंबणारा वास येतो. शीचे पिवळे डाग राहतात. धुण्याची पावडर दुप्पट केलीस तरी फरक नाही, आणि आता बाळाची लंगोटाखालची जागा लाल दिसते. सासूबाई म्हणतात, सगळं उकळत्या पाण्यात टाक.

माझी दोन्ही मुलं कापडावर वाढली. मोठा महालातल्या घरात, महापालिकेच्या नळाच्या पाण्यावर. धाकटी मानेवाड्याला, बोअरच्या पाण्यावर. पुढे बहिणीच्या जुळ्यांचं धुणंही सहा महिने मी सांभाळलं. त्यावरून सांगते, तुझी पावडर कमी पडत नाहीये, ती कापडातून निघत नाहीये. मोठ्याच्या वेळी मला ही अडचण ठाऊकच नव्हती. धाकटीच्या वेळी तेच लंगोट, तीच पावडर, धुणारी मीच, आणि महिन्याभरात तुझ्याकडे येतो तोच वास.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची वडी घासली की साबण या क्षारांशी मिळून पांढरट, चिकट साका होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या आतल्या कडेला जी पांढरी रेघ बसते ना, तीच लंगोटाच्या धाग्यांतही बसते. पावडरनं साका कमी धरतो, पण तिचीही निम्मी ताकद क्षारांशी झुंजण्यात जाते. मग मळ पूर्ण सुटत नाही, पावडर आत राहते, आणि या थराखाली शूचा अंश अडकतो. शूमध्ये युरिया असतो, जंतू त्याचा अमोनिया करतात. झोंबतो तो हाच, आणि त्वचा लाल करण्यात त्याचाही हात असतो. म्हणून पावडर वाढवलीस तसा थर वाढला. सुती लंगोट पातळ असतो, त्यातून बरंच निघून जातं. पॉकेट डायपरमधले जाड इन्सर्ट मात्र सगळं पोटात धरून बसतात. तुझ्याकडे वास आधी कोणत्या कपड्याला आला ते आठवून बघ, बहुतेक इन्सर्टच असतील.

यावर औषध धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो. खायचा सोडा वेगळा, त्यानं हे काम होत नाही. धुण्याचा सोडा पाण्यातले क्षार स्वतःशी बांधून घेतो आणि पावडरला मळाशी भिडायला मोकळं करतो. माझी आजी चुलीची राख पाण्यात कालवायची, ती बसू द्यायची आणि वरच्या निवळ पाण्यात बाळुती धुवायची. राखेतही सोड्याच्याच जातीचा पदार्थ असतो. सोडा हाताला लागतो, सालं निघतात, म्हणून रबरी हातमोजे घाल.

आता तुझ्याकडच्या साठलेल्या कपड्यांचं आधी काय करायचं ते सांगते. सगळे लंगोट आणि इन्सर्ट एकदा नेहमीसारखे धुऊन घे. मग मोठ्या बादलीत कडक गरम पाणी, बोट घालवेल पण ठेववणार नाही इतकं, त्यात दोन मोठे चमचे सोडा आणि कपडे चार-पाच तास बुडवून ठेव. दर तासाला काठीनं ढवळ. पाणी गढूळ, राखाडी झालं की घाबरू नकोस, तेच निघायला हवं होतं. नंतर नुसत्या पाण्यानं खळबळत राहा, फेस पूर्ण थांबेपर्यंत. मला धाकटीच्या वेळी सात पाणी लागली होती. पॉकेट डायपरची बाहेरची कव्हरं या बादलीत घालायची नाहीत. त्यांच्या आतलं प्लॅस्टिकसारखं अस्तर आणि इलॅस्टिक जास्त गरम पाण्यानं खराब होतं, ती कोमट पाण्यातच धुवायची.

शेवटच्या दोन-तीन पाण्यांसाठी एक गोष्ट सुचवते, आणि ती तुला आत्ताच जमेल. गच्चीवरून पडणारं पावसाचं पाणी धर. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली की नंतरच्या पावसात पन्हळीखाली स्वच्छ टिपाड लाव. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे अडकलेली पावडर भराभर सुटते. बहिणीच्या जुळ्यांच्या वेळी आम्ही पूर्ण श्रावण हेच केलं आणि कापड हाताला मऊ लागायला लागलं. टिपाडावर जाळी किंवा झाकण मात्र हवंच. डासांसाठी, आणि घरात मूल आहे म्हणूनही.

रोजच्या धुण्यात क्रम महत्त्वाचा. शीचं कापड आधी थंड पाण्यात, गरम पाणी नंतर. इथे सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उकळल्यानं जंतू मरतात हे खरं, पण शीमध्ये प्रथिनं असतात आणि न धुतलेल्या कापडावर उकळतं पाणी पडलं की अंड्याचा बलक थिजावा तशी ती धाग्यात थिजतात. मोठ्याच्या पहिल्या महिन्यात मी हेच केलं, बारा नवे मलमलचे लंगोट. गांधीबागेतून कापड आणून आईनं हातानं शिवले होते. ते डाग पुढे कधीच गेले नाहीत. म्हणून आधी थंड पाणी, मग सोडा-पावडर, आणि स्वच्छ झालेले सुती लंगोट आठवड्यातून एकदा दहा मिनिटं उकळ. सासूबाईंना असंच सांग. त्यांची काळजी खरी आहे, फक्त उकळणं शेवटी यायला हवं.

शी आधी संडासात. जेट स्प्रेनं कापड वरून खाली धुवायचं, पाणी संडासातच पडू द्यायचं, न्हाणीच्या मोरीत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, ती पाण्यानं लगेच सुटते. पण ती निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तान्ह्या बाळाच्या शीतूनही जुलाबाचे विषाणू पसरतात. हे काम झालं की साबणानं हात, मगच बाळाला उचलायचं. सहा महिन्यांनी उष्टावण झालं की शी घट्ट होईल, नुसती झटकली तरी पडेल. तेव्हा केळं खाल्ल्यावर शीत काळे बारीक धागे दिसतील. ते किडे नसतात, केळ्याचेच असतात. बहिणीनं ते पाहून रात्री अकरा वाजता मला बोलावून घेतलं होतं.

खळबळलेले कपडे पाण्यात बुडवून ठेवू नकोस. भोकं असलेली प्लॅस्टिकची टोपली घे, ती हवेशीर जागी ठेव. बुडवून ठेवलेलं पाणी कुजतं, इलॅस्टिक सैल पडतं, आणि बाळ रांगायला लागलं की पाणी भरलेली बादली जीवघेणी ठरू शकते. साठवण एका दिवसाच्या वर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा तर सकाळचे सकाळी आणि संध्याकाळचे संध्याकाळी धुवावेत, कारण उष्णतेत अमोनिया फार झपाट्यानं धरतो.

मशीन सेमी-ऑटोमॅटिक असेल तर पहिली फेरी थंड पाण्यात पाच मिनिटं, अगदी थोडी पावडर, आणि ते पाणी काढून टाक. दुसरी फेरी हात सहज ठेववेल इतक्या कोमट पाण्यात, पंधरा-वीस कपड्यांना पावडर सपाट दीड मोठा चमचा आणि सोडा एक चमचा. पावडर एन्झाइमवाली चालते, ती प्रथिनांचे डाग तोडते, पण खळबळणं पूर्ण व्हायला हवं. नंतर किमान तीन पाणी. शेवटी एक लंगोट काचेच्या भांड्यात साध्या पाण्यात घालून जोरात हलव. फेस आला तर अजून एक पाणी. ही परीक्षा पहिले पंधरा दिवस रोज कर, मग तुझ्या बोअरच्या पाण्यात किती वेळा खळबळावं लागतं याचा अंदाज बसेल. मऊपणासाठी येणारं कंडिशनर वापरू नकोस, ते धाग्यावर थर चढवतं आणि कापड शू शोषेनासं होतं. रिठ्याबद्दल लोक खूप सांगतात. रेशमी आणि लोकरी कपड्यांना तो उत्तम, पण शीच्या लंगोटांना तो पुरत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि ब्लीच. धाकटीच्या वेळी वास जावा म्हणून मी रात्रभर साठलेल्या, शूनं ओल्या लंगोटांवर क्लोरीनचं ब्लीच ओतलं. न्हाणीचं दार लोटलेलं होतं. मिनिटभरात डोळ्यांतून धार लागली, घसा जळायला लागला, छाती आवळली. नवऱ्यानं दार उघडून बाहेर काढलं. अमोनिया आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर घातलं तरी तसंच. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते आहे. त्या दिवसापासून माझ्या धुण्यात ब्लीच नाही.

पिवळे डाग राहिले म्हणून कापड अस्वच्छ आहे असं समजू नकोस. तो पिवळा रंग पित्तातल्या बिलिरुबिनचा आहे आणि त्याला खरं औषध ऊन. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. काविळीत त्वचेत हेच बिलिरुबिन साठतं. एका कावीळ झालेल्या बाळाची त्वचा उजळलेली दिसली, फक्त चादरीचा कोपरा होता तेवढा तुकडा पिवळाच राहिला होता. त्यातूनच पुढे काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवायचा उपचार आला, त्याच रुग्णालयातल्या डॉ. क्रेमर यांचा त्यावरचा लेख १९५८ सालचा. लंगोटावरही तेच होतं, उजेडात बिलिरुबिन मोडतं. स्वच्छ धुतलेला पण डाग असलेला लंगोट ओला असतानाच उन्हात घाल, डागाची बाजू वर. आपल्या मेच्या उन्हात दोन तासांत डाग नाहीसा होतो. (बाळाला कावीळ असेल तर उन्हात धरून घरी उपचार करायचे नाहीत, ते डॉक्टरांचं काम.)

याच पिवळ्या रंगावरून आणखी एक सांगते, आणि हे धुण्यापेक्षा मोठं आहे. शी धुणाऱ्यालाच तिचा रंग सगळ्यांत आधी दिसतो. मोहरीसारखी पिवळी, हिरवट, खाकी, सगळं ठीक. लोहाचे थेंब चालू असतील तर काळपटही होते. पण शी चुन्यासारखी किंवा राखाडी मातीसारखी फिकट झाली तर पित्त आतड्यात पोचत नसल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी ते कापड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. रक्त दिसलं तरी तसंच. म्हणून कापड न बघता मशीनमध्ये टाकायचं नाही, दिवसाला कितीही असोत.

जागा लाल झालीय त्यासाठी सध्या दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास उघडं ठेव, खाली जुन्या मलमलच्या साडीची घडी टाक. विकतचं जाड इन्सर्ट त्वचेला थेट लावू नकोस, मध्ये सुती तुकडा हवा. रॅशचं मलम लावत असशील तर तेव्हा वेगळी जुनी फडकी वापर, कारण मलमाचा तेलकट थरही कापडाची शोषण्याची ताकद घालवतो. ओलं कापड दोन तासांच्या वर अंगावर नको. तीन दिवसांत लाली उतरली नाही, किंवा मांडीच्या घडीत गडद लाल पट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते. तिला डॉक्टरांचं मलम लागतं, नुसत्या धुण्यानं ती जात नाही. तेव्हा सुती कपडे रोज उकळ.

कामवाल्या बाई शीचे कपडे धुवायला नाही म्हणतात असं तू लिहिलंस. त्यांचं बरोबर आहे. शी काढून खळबळणं घरच्यांनी करावं, तू बाळंतीण आहेस तर नवऱ्यानं करावं. खळबळलेले कपडे त्या धुतील, आणि त्या जास्तीच्या कामाचे वेगळे पैसे आपणहून ठरवून द्यावेत.

राहिलं वाळवणं. पावसाळ्यात वास परतून येतो तो इथूनच. गच्चीत लोखंडी तार असेल तर काढ, गंजाचे डाग निघत नाहीत, नायलॉनची दोरी बांध. ऊन दहा मिनिटं आलं तरी कपडे बाहेर. एरवी घरात दोरीवर अंतर ठेवून टाक, इन्सर्टवर इन्सर्ट नको. कूलर बाहेर पडूनच असेल तर आत घे, पंप बंद ठेवून टाकी कोरडी कर आणि नुसता पंखा कपड्यांवर लाव. पाण्यासकट लावलास तर हवा आणखी दमट होते. लंगोटांवर शेवटी गरम इस्त्री फिरव, कव्हरांवर मात्र इस्त्री कधीच नाही. घडी करण्याआधी जाड कापड गालाला लावून बघ. थंड लागलं तर ते आतून अजून ओलं आहे, परत दोरीवर टाक.